खेड्यातला डॉक्टर : कामाचा आवाका

● केंद्र : सपाट भागात साधारण ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. धाराशिव जिल्ह्यालाही तोच लागू.

● एकाच ओपीडीत : ताप, गरोदर बाया, लसीकरण, मधुमेह, रक्तदाब, फवारणीची विषबाधा, अपघात.

● सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे मुख्य विषारी साप. रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही, तर घोणस-फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. प्रतिविषाची मात्रा लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच.

● पुढे पाठवताना : आधी श्वास आणि रक्तदाब सावरायचा, मग १०८ रुग्णवाहिका.

● गावातले हात : अणदूर (ता. तुळजापूर) येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले.