आधी छत, मग झुंबर

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्याची एक आख्यायिका तेथील मराठी घरांतून आजही आवडीने सांगितली जाते. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली हा वाडा युरोपीय धाटणीने उभारला. दरबार हॉलात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगावयाची होती. छत तो भार पेलील की नाही याची खात्री व्हावी म्हणून प्रथम छतावर हत्ती चढविण्यात आले आणि मगच झुंबरे वर गेली, असे सांगतात. वाड्याची धाटणी परक्यांकडून घेतलेली होती. पण छताची परीक्षा घेण्याचे शहाणपण अस्सल होते.

ही आख्यायिका आठवण्यास एक निमित्त घडले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो असता त्यांच्या चिरंजीवांनी अंगणातील आपली नवी खरेदी अभिमानाने दाखविली. ती दोन आसनांची, बसकी, उघडी मोटार होती. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची अत्यंत हलकी शर्यतीची मोटार बाजारात आणली. तिच्या प्रतिकृती पुढे जगभर निघाल्या. या शतकाच्या आरंभी आपल्या कोकणातही, अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत, चिंकारा मोटर्सने त्याच वळणाची 'रोडस्टर' घडविली. तिचे अंग फायबरग्लासचे आणि आत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. त्यांपैकीच एक जुनी गाडी या तरुणाने मिळविली होती आणि ऐन श्रावणात ती घेऊन गोव्यास येण्याचा त्याचा मनोदय होता.

आता प्रश्न उरला होता तो टायरांचा. मूळ गाडीची छायाचित्रे समोर ठेवून त्याने शर्यतीच्या जातीचे, मिळतील तेवढे रुंद टायर निश्चित केले होते. 'काका, गाडी शोभली पाहिजे ना!' असे त्याचे म्हणणे. ते मिळेपर्यंत जुनेच चालवू, कारण त्यांची नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे, असाही त्याचा हिशेब होता. आम्ही त्यास जुन्या टायरची बाजू वाचावयास सांगितले. तेथे लंबगोलात चार आकडे होते : २३११. याचा अर्थ २०११ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली असल्याने नक्षी झिजली नव्हती. परंतु रबर कडक होऊन खाचांच्या बुडाशी बारीक चिरा पडल्या होत्या. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी नक्षी असली तरी तो काढावा, असा अनेक कारखानदारांचा सल्ला आहे. विकणाऱ्याने 'टायर नव्यासारखे' म्हणून सांगितले होते. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते.

या विषयाचा आम्ही जाणत्यांशी बोलून थोडा अभ्यास केला. त्यातून ध्यानी आले ते असे, की गाडी कितीही देखणी असो, तिचा जमिनीशी संबंध केवळ चार तळहातांएवढ्या जागेतून येतो. ब्रेक, वळण, वेग या साऱ्यांची भिस्त तेवढ्या रबरावर असते. सहा-सातशे किलोच्या हलक्या गाडीस फार रुंद टायर बसविला, की भार अधिक जागेवर पसरतो, साचलेले पाणी दाबून बाजूस सारण्याची त्याची शक्ती घटते आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. तेथे चालकाच्या हातातील सुकाणू हे केवळ शोभेचे चक्र ठरते. हवेचेही तसेच आहे. नेहमीच्या मोटारीस ३० पौंडांच्या आसपास हवा लागते. सेव्हनच्या जातीच्या हलक्या गाड्यांस पुष्कळदा २० पौंडांच्या आसपास पुरते. सवयीने पंपावर 'नेहमीएवढी' भरली, तर टायर मधल्या पट्ट्यावरच उभा राहतो आणि पकड जाते.

रबराच्या मऊपणाविषयीही असाच भ्रम आहे. शर्यतीचे मऊ रबर तापल्यावाचून नीट धरत नाही, आणि हलकी गाडी साध्या रस्त्यावर ते पुरेसे तापवू शकत नाही. शिवाय अशा टायरांच्या खाचा उथळ व थोड्या असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या ग्वाल्हेरच्या कोरड्या सडकेवर हा दोष कदाचित झाकला जाईल. पण ग्वाल्हेरच्या तिपटीहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गोव्यात, चोर्ला घाटाच्या ओल्या वळणावर, तो एका क्षणात उघडा पडेल.

मग निवड कशी करावी? टायरवर '१८५/६० आर १४ ८२ एच' अशी जी अक्षरे असतात त्यांत बरेचसे उत्तर आहे. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. बाजूची उंची तिच्या ६० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८२ या भारांकाचा अर्थ एका टायरास ४७५ किलो. आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. माप रिमच्या रुंदीस जुळणारे व गाडीच्या निर्मात्याने नोंदविलेले असावे. ते बदलावयाचे झाल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे दुर्लक्ष करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत, आणि मऊपणापेक्षा ओल्या रस्त्यावरील पकडीस प्राधान्य द्यावे. या पकडीची कसोटी लागू करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ साली काढली. खाचांतील झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते. पावसाच्या प्रदेशात तिची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नव्हे.

२०२० साली टायरांच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून परदेशी शर्यती टायर मिळविणे अवघड झाले, अशी त्या तरुणाची तक्रार होती. तीत तथ्य आहे. परंतु ग्वाल्हेरहून मुरैन्याच्या वाटेवर बानमोर येथे जे. के. टायरचा कारखाना १९९१ पासून आहे, आणि आमच्या फोंडा तालुक्यात उसगावला एम. आर. एफ.चा. आपल्या खड्ड्यांचा, उन्हाचा व पावसाचा अनुभव असलेला माल दाराशी असता तो आधी पाहू नये, हे बरे नव्हे. तो स्वदेशी म्हणून डोळे मिटून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. परदेशी म्हणून डोळे मिटून घेऊ नये, एवढेच म्हणतो.

त्या तरुणाने जुने टायर त्याच आठवड्यात उतरविले आणि बेताच्या रुंदीचे, खोल खाचांचे रस्त्याचे टायर मागविले. गाडी पूर्वीइतकी रुबाबदार दिसणार नाही, अशी खंत त्यास होती. त्याच्या मातोश्रींच्या चेहऱ्यावर मात्र आम्हांस समाधान दिसले.

आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांकडे अशी गाडी असेल. परंतु जुनी मोटार वा स्कूटर घेणारे, मुलांच्या हाती देणारे पुष्कळ आहेत. रंग, गादी आणि संगीतयंत्र पाहून झाल्यावर त्यांनी एकवार खाली वाकावे आणि टायरवरील ते चार आकडे वाचावेत. शिंद्यांनी झुंबरासाठी हत्ती चढविले. आपल्या माणसांसाठी एवढे वाकणे जड वाटू नये.