बर्फाखालचे देवमासे

अमेरिकेतील अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचे गाव आहे. पूर्वी त्याला बॅरो म्हणत. इथे इनुपियाट आदिवासी राहतात. जिथे शेती होत नाही, तिथे बोहेड जातीचा देवमासा हे त्यांचे एक प्रमुख अन्न. एक मासा मिळाला की त्याचे वाटे सगळ्या गावात जातात.

1977 साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने ही शिकार बंद करण्याचा निर्णय घेतला. शास्त्रज्ञांच्या मते हे देवमासे दोन हजारांच्या आतच उरले होते. खरे तर त्यांचा मोठा संहार 1848 नंतर तेलासाठी आलेल्या व्यापारी जहाजांनी केला होता. शिक्षा मात्र गावाच्या वाट्याला आली.

शिकारी म्हणाले, "तुमची मोजणी अपुरी आहे." शास्त्रज्ञ वसंतात बर्फाच्या कडेला बसून मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे मोजत. ही वाट बर्फाने बुजली की मासे थांबतात, असा त्यांचा समज होता. शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते की मासे बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि कडेपासून खूप दूरवरूनही जातात.

टॉमस अल्बर्ट या पशुवैद्यकाने हॅरी ब्राउअर या अनुभवी शिकाऱ्याचे म्हणणे मनापासून ऐकले. पण नुसते ऐकून मान डोलावली नाही, ते तपासायचे ठरवले. पाण्यात ध्वनियंत्रे सोडली गेली. माशांचे आवाज टिपून न दिसणाऱ्यांचा हिशेब लागला, विमानातूनही पाहणी झाली. शिकाऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. 2001 च्या मोजणीत आकडा दहा हजारांच्या वर गेला.

शिकाऱ्यांनीही आपली बाजू निभावली. त्यांनी स्वतःचा आयोग स्थापन केला, ठरलेला कोटा पाळला आणि शिकारीत मिळालेले मासे शास्त्रज्ञांना तपासू दिले. कोटा आजही आहे, पण तो ठरवताना त्यांचा शब्द विचारात घेतला जातो.

इथे आम्हाला मदिन्यातील खजुरांच्या बागांची हदीस आठवते. परागीकरणाबद्दल अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) आपले मत सांगितले, लोकांनी ते काम सोडले आणि पीक घटले. तेव्हा अशा दुनियावी कामांतले तुम्हीच अधिक जाणता, अशा अर्थाचे आप (स.) यांनी फर्मावले. ज्यांच्यावर वही उतरत होती, त्यांनी बागाईतदाराच्या अनुभवाला हा मान दिला!

आणि आम्ही शिकलेली माणसे? पदवी हाती आली की पाऊस ओळखणारे दादामियाँ आणि पाल्याचे औषध जाणणारी नानी आम्हाला अडाणी वाटू लागतात. त्यांची प्रत्येक गोष्ट बरोबरच असेल असे नाही. पण न तपासता ती फेटाळणे हे इल्मचे लक्षण नव्हे. या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ वही-पेन घेऊन बसवू या. त्यांनी विचारावे, लिहावे, पडताळून पाहावे आणि शेवटी ज्यांच्याकडून शिकले त्यांचे नावही लिहावे.