सिंहगडचा पोवाडा : एका शाहिरी रचनेची रूपांतरे

प्रस्तावना

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. दि. 4 फेब्रुवारी 1670 च्या कोंढाणा-विजयाचे लोकमानसातील चित्र घडविण्यात शाहीर तुळशीदास यांच्या पोवाड्याचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात या रचनेच्या रूपांतरांचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

मूळ रचना व तिचे मुद्रण

पोवाडा ही डफ-तुणतुण्याच्या साथीने सादर होणारी मौखिक रचना होय. शाहीर बदलला की तपशील बदलतो. झीलकरी मात्र सूर धरून ठेवतात. तुळशीदासांची रचना दीर्घकाळ अशीच प्रवाही राहिली. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहाने तिला छापील रूप दिले. 1894 मध्ये अ‍ॅकवर्थ यांचा इंग्रजी पद्यानुवाद निघाला.

इतिहास व शाहिरी कल्पना

सभासद बखरीत मावळे वानरांप्रमाणे कडा चढतात. पोवाड्यात यशवंती घोरपड येते. जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात आणि फाशांच्या डावात तो मागून घेतात, हा प्रसंगही शाहिरी प्रतिभेचाच. तानाजींच्या बलिदानावरून गडाला ‘सिंहगड’ नाव पडले, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. कारण हे नाव 1663 च्या पत्रात आढळते.

उत्तरकालीन रूपे

हरि नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ (1903) या कादंबरीत कमलकुमारीचे कथानक गुंफले. वि. दा. सावरकरांनी याच विषयावर स्वतंत्र पोवाडा रचून त्यास स्वातंत्र्यलढ्याचा आशय दिला. ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (1923) हा मूकपट आपट्यांच्या कादंबरीवर आधारित होता. 2020 च्या हिंदी चित्रपटातही बंदिवान राजपूत स्त्रीचे उपकथानक आहे.

समारोप

प्रत्येक रूपांतराने कथेत आपल्या काळाची गरज मिसळली. म्हणून पोवाडा हा 1670 च्या घटनेचा दुय्यम, परंतु नंतरच्या समाजमनाचा प्रथम दर्जाचा पुरावा ठरतो. मुद्रित पाठ आणि चित्रपट प्रमाण मानले गेल्यास स्थानिक पाठभेद लोप पावतील. महाड-पोलादपूर परिसरातील शाहिरांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण व पाठनोंदणी महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी संयुक्तपणे हाती घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.