लेकराची पेटी : वर्गात बसवावे की एकट्याची शिकवणी लावावी?

"लेकराला पेटी शिकवायची आहे. विहारातल्या वर्गात बसवू का मास्तरांकडे एकट्याची शिकवणी लावू?" बीड, अंबाजोगाई, परळीकडचे मायबाप हा प्रश्न विचारतात. मोठ्या शहरांत हाच प्रश्न पियानोबद्दल पडतो. आपल्या घरात पियानो नाही. पेटी आहे, किंवा हल्लीचा कीबोर्ड आहे. पण पट्ट्यांची मांडणी तिन्हींची एकच : एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. म्हणून इतरांचा अनुभव आपल्यालाही उपयोगी पडतो.

आमचे मत आधीच सांगतो. पाच ते आठ वर्षांच्या लेकराची सुरुवात वर्गातच व्हावी. बोटे बसवण्यासाठी एकट्याची शिकवणी नंतर जोडावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी मात्र थोडा वेगळा हिशोब करावा.

वर्ग म्हणजे स्वस्तातला माल, असे समजू नये. पूर्वी गाणे-बजावणे गुरूच्या घरी चाले. कोणाला शिकवायचे ही गुरूची मर्जी, आणि जातीच्या उतरंडीत तळाला असलेल्यांना ते दार बहुधा बंदच. १९०१ साली विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत घरातून शाळेत आले. आपल्या समाजाची शाळा मात्र जलसा ही होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशातून बाबासाहेबांचा विचार गावोगावी नेला. जलशात एकजण गातो आणि बाकीचे झील धरतात. झील धरता धरता ऐकणारा गाणारा होतो. तोही एक वर्गच.

वर्गात काय मिळते?

लहान लेकराला आधी कान लागतो, मग बोटे. दहा मुले एकत्र सा-रे-ग-म म्हणतात तेव्हा चुकणारे लेकरू लाजत नाही. शेजाऱ्याच्या आवाजाला धरून सुरात येते. टाळी देत दादऱ्याच्या सहा आणि केरव्याच्या आठ मात्रा मोजणे तर चौघांतच मजेचे. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९५४ साली लहान मुलांचे संगीतवर्ग सुरू केले, तेही गटाचेच. त्याच देशातले व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांनी दोन्हींची सांगड घातली : लेकराला एकट्याचा धडा, जोडीला सर्वांचा एकत्र धडा, आणि आई किंवा बाप शिकवणीला हजर.

वर्गात काय राहून जाते?

साधा हिशोब करा. तासाभराचा वर्ग, दहा मुले, एक पेटी. प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे. तेवढ्यात मास्तरांना प्रत्येकाचा हात दिसत नाही. उजव्या हाताच्या एकाच बोटाने पट्ट्या दाबायची सवय लागते. डाव्या हाताने भाता झटके देऊन ओढला जातो आणि सूर हिसके खातो. दोन वर्षांनी ही सवय मोडणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट आवाजाची. पुरुष मास्तर स्वतःच्या सोयीने काळी एक-दोनमध्ये शिकवतात. लहान लेकराचा आवाज त्याहून उंच असतो. तेव्हा लेकरू खाली घोगरे होते, नाहीतर वर ओरडते, आणि घरचे म्हणतात, "याला गळाच नाही." गळा असतो, त्याची पट्टी कोणी पाहिलेली नसते. पट्टी ठरवणे आणि बोटे बसवणे, ही दोन कामे एकट्याच्या शिकवणीची. पुढे प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांनाही लेकरू परीक्षकासमोर एकटेच बसते.

म्हणून वर्ग रोजचा आणि आठवड्यातून एकदा वर्गाआधी पंधरा मिनिटे एकट्याची, अशी विनंती मास्तरांना करावी. पूर्ण शिकवणीचा खर्च त्यात लागत नाही.

सरावाचे माप तथागतांनी सोण भिक्खूला सांगितले आहे. वीणेची तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. सहा वर्षांच्या लेकराला रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मार देऊन सराव करून घेऊ नये.

कोयता असलेल्या घरांसाठी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. सायंकाळी विहारात ग्रंथवाचन असते आणि मंडळी गावात असतात. वर्ग सुरू करायला हाच काळ उत्तम. १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनी मुलांचे एक समूहगीत सहज बसते. त्यानंतर मुकादमाची गाडी येते आणि लेकरू आई-बापाबरोबर कारखान्यावर कोपीत जाते. ते मार्च-एप्रिलला परतते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. मग त्याला धाकट्यांत बसवतात, ते लाजते आणि पेटी कायमची सुटते. लेकरू मंद नसते. त्याचे पाच-सहा महिने उसात गेलेले असतात.

यावर उपाय आहे. जाण्याआधी मास्तरांकडून चार अलंकार वहीत लिहून घ्या, त्यांच्या आवाजात मोबाईलवर भरून घ्या. कोपीत पेटी नको. रात्री दहा मिनिटे तोंडाने सरगम आणि हाताने टाळी पुरे. परत आल्यावर पहिला महिना एकट्याची शिकवणी लावा, मगच वर्गात बसवा. पैसा खर्चायचा तर या महिन्यावर खर्चावा. लेकरू हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणार असेल तर वर्ग तोडूच नये.

मुलींबद्दल

मुलगी मोठी होऊ लागली की शिकवणी बंद, असे घडू देऊ नका. विहारातला वर्ग उघड्यावर असतो, आया-बहिणी जवळ असतात. एकट्याची शिकवणीही तेथेच, घरचे कोणी समोर बसून व्हावी. कोणी बसलेले मास्तरांना चालत नसेल, तर ती शिकवणी आपल्याला चालत नाही.

पैसे देण्याआधी विचारा

मुले किती, पेट्या किती? लेकराचा हात रोज पट्ट्यांवर पडतो का? पालकाला बसू देतात का? रजेवरून आलेल्या मुलाला कसे सामावून घेतात? चारही उत्तरे नीट मिळाली तर वर्ग चांगला समजावा.

उशीर झाला म्हणून कोणी मागे राहू नये. बाबासाहेब उतारवयात शिक्षकाकडून व्हायोलिन शिकले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन जपून ठेवले आहे. आपल्या विहारात जयंतीला भाड्याने साउंड येतो. त्याच वर्गणीतून एक पेटी विकत घेतली तर ती बारा महिने वाजेल, आणि ज्या घरात पेटी नाही त्या घरातले लेकरूही तिच्यावर बोटे बसवील. येत्या बैठकीत हा विषय मांडावा.