पेटी बंद होती, मग गंज आला कुठून?

खंडेनवमीला आपण हत्यारं पूजेला बाहेर काढतो. कुणाची पटाशी, कुणाचा कोयता, कुणाचा पाना. आणि पुष्कळ घरांत त्या दिवशी एकच प्रकार होतो. मे महिन्यात चांगली कोरडी करून ठेवलेली पटाशी पेटीतून काढावी, तर तिच्यावर तांबूस थर! पेटी गळलेली नाही, आत थेंबभर पाणी गेलेलं नाही. मग आपण म्हणतो, पोलादच वाईट निघालं. आज मला मुख्यतः हे सांगायचंय, की बहुतेक वेळा दोष पोलादाचा नसतो. पाणी आत होतंच, फक्त ते दिसत नव्हतं.

लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात : पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. आता पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थेंब येतो. पण हवेतलं बाष्प धातूवर इतक्या पातळ थरात बसतं की तो थर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की एवढा थरसुद्धा गंज सुरू व्हायला पुरतो. आणि कोकणात जुलैमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्याही वर असते. म्हणजे पेटी बंद असली तरी आतली हवा ओलीच आहे. हत्यार पावसात भिजलं नाही, पण पावसाळ्याच्या हवेत ते चार महिने होतं.

यात भर घालतं मीठ. मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं आणि त्या ओल्या थरात गंजाची क्रिया जोरात चालते. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे हत्याराला मीठ लावतो? लावतो, रोज लावतो. घामात मीठ असतं. रंध्याच्या पात्यावर कधीकधी अंगठ्याच्या ठशाएवढाच गंज दिसतो, तो याचमुळे. समुद्राकाठी तर वाऱ्यातच मीठ आहे.

बरं, थोडा गंज आला तर बिघडलं काय? ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत. तो ओल धरून ठेवतो, सुटून पडतो आणि खालचं नवं लोखंड उघडं करतो. म्हणून तो वरवर न राहता आत खड्डे पाडतो. पटाशीची सपाट पाठ आठवा. ती पाठ आणि पुढचा उतार जिथे मिळतात तीच धार. पाठीवर खड्डा पडला आणि घासत घासत धार त्या खड्ड्यापर्यंत आली, की तिथे धार तुटकी राहते. मग अख्खी पाठ घासून खाली आणावी लागते. ज्याचं पोट त्या पटाशीवर आहे, त्याचा दिवस जातो आणि पातंही झिजतं.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, पुसणं. काम संपलं की घाम, माती, चीक काढून टाका. कैरी, काजूचं बोंड यांचा रस आंबट असतो, तो पोलाद खातो. कोयता तसाच आकडीला अडकवून घरी आणला आणि सकाळी बघितला तर काळा पडलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा. दगडावर धार लावल्यावरही पाणी राहतं, विशेषतः दांड्याच्या खोबणीत. ते विसरू नका.

दुसरं, तेल. तेलाचं काम एकच : धातू आणि ओली हवा यांच्यामध्ये उभं राहणं. म्हणून ते पुसल्यानंतरच लावायचं. घामावर तेल लावलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं. दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन पात्यावर फिरवले तरी पुरे, ओघळ यायला नको.

मागून प्रश्न आलाय, खोबरेल चालेल का? काहीच नसलं तर चालेल, पण महिनोन्‌महिने ठेवायला नको. ते खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं आणि धूळ चिकटते. त्यापेक्षा शिलाई मशीनचं तेल बरं. ते खवट होत नाही. सबंध पावसाळा हत्यार वापरायचंच नसेल तर पातळ ग्रीस किंवा मेण लावा. स्वयंपाकाच्या विळीला मात्र खायचंच तेल लावा आणि ते वरचेवर पुसून नवं लावा.

लाकडी दांड्याला काहीजण जवसाचं तेल लावतात. चांगलं आहे, पण एक धोका सांगून ठेवतो. हे तेल वाळताना गरम होतं. त्यात भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

तिसरं, जागा. गोणपाटात गुंडाळू नका, ते ओल धरतं. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात. सिमेंटच्या जमिनीवर टेकवू नका, भिंतीवर टांगा. आणि जमलं तर जागा किंचित ऊबदार ठेवा. हिशेब बघा : २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३१ अंशांपर्यंत तापली, तर तीच आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण धातूवर बसणारा थर कमी. जुन्या घरात चुलीच्या वरच्या बाजूला टांगलेला विळा पावसाळ्यात टिकायचा, त्यात या उबेचा वाटा होता. आज कपाटात एक लहान पिवळा बल्ब तेच काम करतो, फक्त तो तेलकट फडक्यांपासून आणि लाकडापासून दूर लावा.

गंज आलाच असेल तर? वरवरचा असेल तर तेल घालून बारीक पॉलिश पेपरने काढा. जास्त असेल तर चिंचेच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये काही तास ठेवा. आम्ल गंज विरघळवतं, पण मागे राहिलं तर पोलादालाही खातं. म्हणून बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि लगेच तेल लावा. इथे अर्धा तास उशीर केलात तर नवा गंज दिसायला लागेल.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. झाकणाच्या डब्यात शिलाई मशीनच्या तेलाचं एक फडकं ठेवा आणि तो डबा हत्यारांच्या शेजारी ठेवा. कपाटात आत नको, हाताशी. फडकं हाताशी असलं की पुसणं होतं. नाहीतर आपण उद्या करू म्हणतो, आणि उद्या म्हणजे खंडेनवमी.