साखळी-करवतीला कोणती कानस?

बांधावरची बाभूळ कापताना तुमची पेट्रोलची करवत जाड चिपांऐवजी बारीक भुसा टाकू लागली, की समजा, धार गेली. मग आपण करवतीवर जोर देतो, हात सुटतो आणि अपघाताला वाव मिळतो.

साखळीच्या दातांना धार दोन तऱ्हेची असते, गोल आणि चौकोनी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लाकूडतोडे चौकोनी धार पसंत करतात, कारण स्वच्छ लाकडात ती झपाट्याने कापते. पण तिला खास कानस लागते, हातही सरावाचा लागतो. शिवाय माती लागताच तिचा नाजूक कोपरा बोथट होतो.

आपली लाकडे धुळीमातीची. तेव्हा रोजची तोड नसेल, तर त्या खास अवजारावर पैसे घालू नका. गोल कानस आणि कोन दाखवणारी पट्टी पुरे. कानस साखळीच्या मापाचीच घ्या, ४, ४.८ किंवा ५.५ मिलिमीटर. माप करवतीच्या पुस्तिकेत मिळेल.

इंजिन बंद करा, हातमोजे घाला. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने चालवा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्या. पुन्हा चिपा उडू लागल्या, की काम साधले!