ग्लिसरीनमधील वनस्पत्यर्क

वनस्पतींचा औषधी अंश टिकवून ठेवण्याच्या ज्या रीति रूढ आहेत, त्यांत मद्यार्काची रीत फार प्रसिद्ध आहे. पाश्चात्य औषधालयांतील टिंक्चर तें हेंच. आणि आमच्या वैद्यांचीं आसवें व अरिष्टेंही आंबण्यांतून उपजणाऱ्या मद्यार्काच्या बळावरच टिकतात. परंतु लहान मुलांस, किंवा ज्या घरांत मद्य वर्ज्य मानतात तेथें, असें औषध देणें पुष्कळांस प्रशस्त वाटत नाहीं. अशा ठिकाणीं ग्लिसरीन उपयोगीं पडतें.

ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवीत असतां स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील ह्यांस १७७९ सालीं हा गोड, दाट द्रव प्रथम सांपडला. पुढें फ्रान्सचे शेव्हरल ह्यांनीं ग्रीक भाषेंतील ‘गोड’ ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नामकरण केलें. तेलाचा साबण करतांना तें आपोआप सुटें होतें. लातुरास सोयाबीनचें तेल काढणाऱ्या गिरण्या आमच्या मुलांनीं पाहिल्या आहेत. त्या तेलाच्या थेंबाथेंबांत ग्लिसरीन बांधलेलें असतें, हें सांगितलें म्हणजे त्यांस नवल वाटतें.

मोरावळा वर्षभर कां टिकतो? दाट पाकांतील साखर पाण्यास असें धरून ठेवते कीं, बुरशीच्या वांट्यास तें येत नाहीं. ग्लिसरीनही तेंच करतें. म्हणूनच तयार अर्कांत तें निम्म्याहून बरेंच अधिक असावें लागतें. काटकसर म्हणून पाणी वाढविलें कीं अर्क नासलाच.

उदाहरणास अडुळसा घेऊं. तो कुंपणाला सहज लागतो, आणि त्याच्या पानांतील व्हॅसिसीन हें द्रव्य कफावर गुणकारी मानलेलें आहे. पानें धुवून सावलींत कडकडीत वाळवावीं व जाडीभरडी कुटावीं. ३७५ मिलिलिटर ग्लिसरीनमध्यें उकळून निवविलेलें १२५ मिलिलिटर पाणी मिसळावें. त्यांत ५० ग्रॅम भरड घालून कोरड्या कांचेच्या बरणींत झांकून ठेवावी. पाणी घालण्याचें कारण असें कीं, वाळलेल्या पानांत निव्वळ ग्लिसरीन नीट शिरत नाहीं. ओलीं पानें आपलें पाणी स्वतःच आणतात, म्हणून त्यांस निराळें पाणी घालीत नाहींत. बरणी रोज हलवावी, आणि चार आठवड्यांनीं स्वच्छ फडक्यांतून पिळून गाळावी. कुपीवर वनस्पतीचें नांव व तारीख लिहावी. गरोदर स्त्रियांनीं अडुळसा घेऊं नये; व लेकरांस किती द्यावा हें डॉक्टरांस किंवा वैद्यांस विचारूनच ठरवावें.

आतां पालकांस एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. डायइथिलीन ग्लायकॉल नांवाचा एक औद्योगिक द्रव दिसण्यांत ग्लिसरीनसारखाच दाट असून चवीलाही गोड असतो. मात्र तो मूत्रपिंडें निकामी करणारें विष आहे. १९३७ सालीं अमेरिकेंत एका औषधांत द्रावक म्हणून तो वापरला गेला आणि शंभरांहून अधिक माणसें मेलीं. आमच्या मुंबईंत, जे. जे. रुग्णालयांत, १९८६ सालीं ग्लिसरीन म्हणून जो द्रव रोग्यांच्या पोटांत गेला त्यांत हेंच विष होतें. १४ जण दगावले, व न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगास चौकशी करावी लागली. जेथें रुग्णालय फसलें, तेथें घरांतील माणसाची जीभ आणि डोळे काय ओळखणार! तेव्हां नांदेडच्या बाजारांत सुटें ग्लिसरीन कितीही स्वस्त मिळो, पोटांत घेण्याच्या औषधासाठीं तें घेऊं नये. औषधाच्या दुकानांतून ‘आय. पी.’ अशी खूण असलेली, मोहोरबंद कुपी घ्यावी व पावती जपून ठेवावी. साबणासाठीं किंवा कातड्यासाठीं विकलें जाणारें ग्लिसरीन निराळें.

सर्वच वनस्पतींस ही रीत लागू पडत नाहीं, हेंही खरें. गुग्गुळ, हिंग ह्यांसारखे राळेचे पदार्थ ग्लिसरीनमध्यें फारसे उतरत नाहींत. त्यांस मद्यार्कच लागतो.